बुडालेला ‘सोलो’ आणि त्याच्यावरचे पाच आरोप

‘स्टार वॉर्स’ या अंतराळकथांच्या मालिकेतला ‘सोलो : अ स्टार वॉर्स स्टोरी’ हा चित्रपट २५ मे २०१८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून त्याच्याविषयी एक ठरावीक निकाल इतक्या तोंडांतून ऐकू येतो की आता त्याला कोणी पुरावाही मागत नाही. तो निकाल असा : हा चित्रपट कोणी मागितला नव्हता, नको त्या गोष्टी तो समजावून सांगत बसतो, त्याचा नायक हॅन सोलो हा मूळ चित्रपटांत ही भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड वाटत नाही, दिग्दर्शक मध्येच बदलल्यामुळे त्याची गोधडी झाली आणि या सगळ्यामुळेच तो आपटला. मला हे ऐकवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. मी तो चार वेळा पाहिला आहे. चौथ्यांदा सोलापुरात, घरी, मे महिन्यातल्या दुपारी पाहिला, तेव्हा खिडकीवर जाड चादर टांगावी लागली, कारण छायाचित्रकार ब्रॅडफर्ड यंग यांनी तो इतक्या मंद उजेडात टिपला आहे की आमच्याकडचे ऊन आत आले तर पडद्यावर काही दिसतच नाही. (अंधाराविषयी कोणी तक्रार केली असती तर ती मी निमूटपणे मान्य केली असती.)

‘कोणी मागितला नव्हता’ हा आरोप लवकर निकालात निघतो. हॅन सोलो या अंतराळातल्या तस्कराच्या आधीच्या उचापतींवर ब्रायन डेली यांच्या तीन कादंबऱ्या १९७९-८० मध्येच आल्या होत्या आणि त्याच्या तरुणपणावर ए. सी. क्रिस्पिन यांनी १९९७-९८ मध्ये आणखी तीन लिहिल्या, ज्यांत ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान त्याने कसे जिंकले हेही आले होते. म्हणजे मागणारे चाळीस वर्षे मागतच होते; ज्यांनी मागितले नव्हते त्यांना आपण म्हणजेच सगळे असे वाटले, एवढेच.

दुसरा आरोप, नको ते समजावत बसण्याचा, अधिक गंभीर आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. भरतीकेंद्रातला अधिकारी हॅनला त्याचे आडनाव विचारतो, आपले असे कोणीच नाही हे उत्तर ऐकतो आणि एकटा म्हणून ‘सोलो’ असे लिहून टाकतो, तो प्रसंग मलाही दर वेळी खटकतो. परंतु या एका प्रसंगावरून संपूर्ण चित्रपटाने गूढ संपवले असे म्हणणाऱ्यांनी केसेल रनचा, म्हणजे तस्करांच्या एका अवघड अंतराळवाटेचा, भाग नीट पाहिलेला नाही. १९७७ च्या मूळ ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात हॅन फुशारकी मारतो की आपल्या यानाने केसेल रन बारा पार्सेकांच्या आत पार केली. पार्सेक हे वेळेचे नव्हे, अंतराचे माप आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे, अर्थात जवळपास ३१ लाख कोटी किलोमीटर. त्यामुळे ही लेखकाची चूक की हॅनची थाप, यावर रसिकांनी कित्येक वर्षे वाद घातला. ‘सोलो’मध्ये उत्तर मिळते ते असे, की नेहमीचा सुरक्षित मार्ग सुमारे वीस पार्सेकांचा आहे आणि पाठलाग चुकवण्यासाठी हॅन वादळी ढगांमधून, सगळे काही गिळणाऱ्या एका विवराच्या काठाने आडवाट काढतो, म्हणून अंतर कमी भरते. इथवर ते स्पष्टीकरणच आहे, हे मी मान्य करतो. पण लगेच पुढे हॅन बारा पार्सेकांचा दावा करतो, त्याचा केसाळ परग्रही साथीदार च्युबाका आपल्या भाषेत गुरगुरून हरकत घेतो आणि हॅन त्याला गप्प करतो की वरचे अपूर्णांक सोडून दिले तर बाराच होतात. म्हणजे आडवाट खरी होती, बाराचा आकडा मात्र तेव्हाही थापच होता. ‘पुण्याला अडीचशे किलोमीटर कोण जातो, मी दोनशेत पोचलो’ असे ट्रकवाल्याने चहाच्या टपरीवर सांगावे आणि शेजारी बसलेल्या क्लीनरने नुसते त्याच्याकडे बघावे, तसा तो क्षण आहे. थाप जन्माला येताना दाखवली, तर थापेची गंमत कमी कशी होईल?

तिसरा आरोप, इथे हॅन झालेला ऑल्डन एरेनराइक हा फोर्ड वाटत नाही. वाटू नये, हेच तर त्याचे काम होते. मूळ चित्रपटाचे चित्रीकरण झाले तेव्हा फोर्ड तेहतीस-चौतीस वर्षांचे होते. एरेनराइक ‘सोलो’च्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता आणि कथाही सुमारे दहा वर्षे आधीची आहे. फोर्ड यांचा हॅन थाप मारतो तेव्हा समोरच्याला ती पटो न पटो, तो स्वतः निर्धास्त असतो. एरेनराइकच्या हॅनच्या थापा अजून कच्च्या आहेत. सुरुवातीलाच टोळीच्या म्होरक्या बाईसमोर तो हातात काहीतरी धरून हा बॉम्ब आहे अशी धमकी देतो आणि बॉम्ब चालू झाल्याचा ‘टक्’ असा आवाजही येतो. पण तो आवाज त्याने स्वतःच तोंडाने काढलेला असतो, हातात साधा दगड असतो आणि हे समोरच्यांच्या लगेच लक्षात येते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे ओशाळे हसू आहे, ते फोर्ड यांच्या हुबेहूब नकलेतून कधीच मिळाले नसते.

याच अभिनेत्याचा दुसरा प्रसंग सोलापूरकरांना विशेष जवळचा वाटावा. हॅनला चिखलाच्या खड्ड्यात एका ‘श्वापदा’पुढे टाकतात, ते श्वापद म्हणजे च्युबाका असतो आणि जीव वाचतो तो केवळ हॅनला त्याची भाषा मोडकीतोडकी बोलता येते म्हणून. मी शहराच्या पूर्व भागात वाढलो, जिथे शाळा मराठीत, शेजार तेलुगूत आणि बाजार अधूनमधून कन्नडमध्ये चालत असे. पहिल्या मित्राच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आजींना ‘जेवलात का’ असे अदबीने विचारायचे होते. ‘तिन्नारा’ म्हणण्याऐवजी मी ‘तिन्नावा’ म्हणालो, म्हणजे सत्तर वर्षांच्या बाईंना ‘जेवलीस का’ असे विचारले. आजी इतक्या हसल्या की त्यांनी मला ताटावरच बसवले. हॅनच्या घशातून निघालेले ते विचित्र गुरगुरणे ऐकून च्युबाका क्षणभर थबकतो, तेव्हा मला ते ताट आठवते.

चौथा आरोप गोधडीचा आहे. जून २०१७ मध्ये दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि क्रिस्टोफर मिलर यांना काढून रॉन हॉवर्ड यांना आणले, हे खरे आहे. परंतु हॉवर्ड यांनी चित्रपटाचा मोठा भाग नव्याने चित्रित केला. पॉल बेटनी याची खलनायकाची भूमिका आधी मायकेल के. विल्यम्स याने केली होती, तो पुन्हा येऊ शकला नाही म्हणून ती अख्खी भूमिकाच बदलली गेली. जे पुन्हा विणले त्याला ठिगळ म्हणत नाहीत. शिवाय पटकथा लॉरेन्स आणि जोनाथन कॅसडन या बापलेकांचीच राहिली, आणि लॉरेन्स कॅसडन हे याच मालिकेतल्या १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चे सहलेखक आहेत. आमच्याकडे कारखान्यात दिवसपाळीचा कामगार उठतो आणि रातपाळीचा मागावर येतो, म्हणून चादरीवरची नक्षी बदलत नाही, कारण ती जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या मागावरच्या यंत्राच्या, भोकांच्या कार्डांत असते. लॉर्ड आणि मिलर यांचा चित्रपट अधिक विनोदी झाला असता का, हा प्रश्न रास्त आहे, पण त्या न झालेल्या चित्रपटाचे माप या चित्रपटाला लावता येत नाही.

राहिला तोट्याचा मुद्दा. जगभरातला गल्ला सुमारे ३९ कोटी डॉलर होता आणि खर्च २५ कोटींहून अधिक, तेव्हा तोटा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आधीचा ‘स्टार वॉर्स’ चित्रपट डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे जेमतेम पाच महिने आधी आला होता, ‘सोलो’ची पहिली झलक लोकांना फेब्रुवारीत दिसली, ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ एप्रिलअखेरपासून चित्रपटगृहे अडवून बसला होता आणि ‘डेडपूल २’ एकच आठवडा आधी लागला होता. बराचसा चित्रपट दोनदा चित्रित करायचा खर्च वेगळाच. यांतल्या एकाही गोष्टीचा चित्रपट चांगला की वाईट याच्याशी संबंध नाही.

पत्त्यांच्या पहिल्या डावात हॅन फाल्कनचा तेव्हाचा मालक, जुगारी लँडो याच्याकडून हरतो, तो हातातली पाने वाईट असतात म्हणून नव्हे. लँडोने बाहीत एक पान लपवलेले असते. शेवटच्या डावाआधी हॅन त्याला कडकडून मिठी मारतो आणि तेवढ्यात ते पान काढून घेतो. मग फाल्कन पणाला लागते, डोनाल्ड ग्लोव्हरचा लँडो अगदी सवयीने बाहीकडे बोटे नेतो आणि तिथे काहीच सापडत नाही. ते पाहायला मी पाचव्यांदा खिडकीवर चादर टांगेन.