सायकीवर सोन्याचा डोंगर नाही, पाटल्या मोडू नका

"सोन्याचा लघुग्रह सापडला! जेम्स वेब दुर्बिणीनं दाखवून दिलं. किंमत १० हजार क्वाड्रिलियन डॉलर, म्हणजे माणशी १० हजार कोटी रुपये. नासा २०२९ मध्ये सोनं आणणार, भाव मातीमोल होणार. घरातलं सोनं आत्ताच विका." हा मेसेज सोलापुरातल्या भिशीच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. घरातल्या मावशी तो वाचून पाटल्या आणि बोरमाळ मोडायला सराफाकडे निघाल्या, म्हणून आता गप्प बसवत नाही.

आधी तो आकडा, कारण सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. आकडा खोटा नाही, हे मान्य करावं लागतं. मेसेजातला लघुग्रह म्हणजे सायकी. त्याच्याकडे यान पाठवणाऱ्या नासाच्या सायकी मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत तो सांगितला होता. पण तो सोन्याचा नव्हताच, लोखंडाचा होता. सायकीचं सगळं वस्तुमान लोखंड धरून त्याला बाजारभाव लावला तर किती होईल, असा तो नुसता कल्पनेचा हिशेब होता, आणि असं काही आणता येणार नाही हेही त्यांनी सांगितलं होतं. स्वतः ताळा करून बघा. सायकीचं वस्तुमान सुमारे २३ वर १८ शून्यं इतके किलो. मेसेजातली रक्कम एकावर १९ शून्यं इतके डॉलर. भागाकार करा, किलोला ३०-४० रुपये पडतात. सोलापुरातला भंगारवाला लोखंडाला जवळपास तेवढेच देतो. सोन्याचा यात कुठेच संबंध नाही.

आता "वेब दुर्बिणीनं दाखवून दिलं" हे वाक्य. मेसेजमधलं हे सगळ्यात उलटं विधान आहे, कारण गेल्या काही वर्षांतली निरीक्षणं सायकीला धातूच्या गोळ्यापासून दूर नेत आहेत.

सायकी १८५२ मध्ये नेपल्सहून अनिबाले दे गास्पारिस यांना दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास व्यासाचा लघुग्रह. रडारचे तरंग त्याच्यावरून जोरात परततात, त्यामुळे ग्रह बनता बनता फुटलेल्या पिंडाचा हा उघडा लोखंडी गाभा असावा असं बराच काळ मानलं जायचं. तेव्हाच्या काही हिशेबांत घनताही लोखंडाच्या जवळपास येत होती. पण घनता काढायला वस्तुमानाला आकारमानानं भागावं लागतं, आणि आकारमान व्यासाच्या घनानुसार बदलतं. व्यास १० टक्क्यांनी कमी धरला गेला की घनता एकदम ३७ टक्क्यांनी फुगते. चांगल्या दुर्बिणींनी आकार नीट मोजल्यावर सायकीची घनता घनसेंटिमीटरला ४ ग्रॅमच्या आसपास आली. लोखंडी उल्केची असते ७.८. बोरमाळेचा मणी बाहेरून सोन्याचा आणि आत लाखेचा असतो, हे सराफाला वजनावरूनच कळतं. इथंही वजनानंच आतला माल सांगितला. नुसतं लोखंडच असेल तर निम्मी जागा पोकळ असायला हवी, आणि एवढ्या मोठ्या पिंडात इतकी पोकळी टिकणं अवघड. म्हणून आता धातूचा वाटा आकारमानाच्या ३० ते ६० टक्के मानतात. उरलेला दगड.

चिलीतल्या अल्मा दुर्बिणीच्या अँटेनांनी सायकीच्या पृष्ठभागाची उष्णता मिलिमीटर तरंगांत मोजली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एकेक ठिपका ३० किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या सायकीचे जेमतेम पन्नासेक ठिपके. पृष्ठभाग सलग धातूचा असता तर बाहेर पडणारे तरंग ठळक ध्रुवीकृत, म्हणजे ठरावीक दिशेनंच कंप पावणारे, दिसले असते. तसे ते दिसले नाहीत. धातू आहे, निदान ३० टक्के आहे, पण खडकात मिसळलेल्या कणांच्या रूपात.

आणि वेब? मार्च २०२३ मध्ये तिनं सायकीची उत्तर ध्रुवाकडची बाजू अवरक्त प्रकाशात पाहिली, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सायकीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात ३ मायक्रॉन तरंगलांबीपाशी एक खळगा सापडला, म्हणजे तिथला प्रकाश शोषला गेला होता. हा खळगा खनिजात बांधलेल्या हायड्रॉक्सिलची खूण आहे, म्हणजे पाण्याच्या भाऊबंदाची. हवाईतल्या दुर्बिणीला ही खूण काही वर्षांपूर्वीच दिसली होती, पण जमिनीवरून हा पट्टा बघताना आपल्याच हवेतली वाफ आड येते. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असल्यानं ती अडचण गेली. वितळून तयार झालेल्या कोरड्या लोखंडी गाभ्यावर अशी खूण अपेक्षित नसते. कार्बनयुक्त लघुग्रह आदळून त्यांची माती वर बसली असेल, किंवा सायकी मुळात सूर्यापासून दूर, थंड भागात जन्मला असेल. दुसरं खरं निघालं तर "उघडा गाभा" ही कल्पनाच डळमळते. सोनं मात्र वेबनं पाहिलेलं नाही आणि पाहूही शकत नाही. टनामागे ग्रॅम-दोन ग्रॅम सोन्याची या प्रकाशात कसलीही खूण उमटत नाही.

टनामागे ग्रॅम-दोन ग्रॅम, कारण लोखंडी उल्कांमध्ये सोनं साधारण त्याच पातळीवर सापडतं. ही काही अद्भुत श्रीमंती नव्हे. सोलापूरहून रायचूरकडे जा, त्या जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीतही टनामागे काही ग्रॅमच सोनं निघतं. हो, सायकी प्रचंड आहे, त्यामुळे गुणाकार केला तर एकूण सोनं अफाट भरेल. पण पृथ्वीवरचं बहुतेक सगळं सोनं आपल्याच पायाखाली २९०० किलोमीटरवर, गाभ्यात बुडालेलं आहे. त्यानं सराफ बाजारातला भाव कधी एक रुपयानं हलला का?

आणायचा खर्चही बघा. बेन्नू लघुग्रहावरून नासानं सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती आणली. मोहिमेचा खर्च सुमारे ११६ कोटी डॉलर, म्हणजे ग्रॅममागे अंदाजे ८० कोटी रुपये. आणि बेन्नू सायकीपेक्षा पृथ्वीच्या कितीतरी जवळ येतो. एक ग्रॅम सोन्यासाठी एक टन माल आणायचा तर याच दरानं ८०० लाख कोटी रुपये होतात. मोठ्या मोहिमेत दर उतरेल, मान्य. हजारपट उतरला तरी ग्रॅमला ८० हजार कोटी.

"२०२९ मध्ये सोनं आणणार" हे धादांत खोटं. १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालेलं सायकी यान ऑगस्ट २०२९ मध्ये तिथं पोचायचं आहे, पण ते उतरणार नाही, खणणार नाही आणि परतही येणार नाही. त्यावर कॅमेरे, चुंबकत्वमापक आणि गॅमा किरण-न्यूट्रॉन मापक आहे. शेवटचं उपकरण लोखंड, निकेल, सिलिकॉन यांचं प्रमाण सांगेल, आणि वर लिहिलेला धातू-दगडाचा वाद तिथं सुटेल. मेसेजमधलं चमचमतं चित्र चित्रकारानं काढलेलं आहे, फोटो नव्हे.

आता पाटल्यांचं. दागिना मोडताना लाख आणि खडे वजा होतात, घट धरली जाते, घेताना दिलेली मजुरी आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही. उद्या तेवढंच सोनं पुन्हा घ्यायचं म्हटलं की हे दोन्ही पुन्हा भरा. भाव खरोखर कशानं पडतो ते जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. अर्थसंकल्पात आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि त्याच दिवशी भाव उतरला. डॉलर, व्याजदर, रिझर्व्ह बँकांची खरेदी, शुल्क, बघायचं तर याकडे बघा. मावशी, लग्नकार्याला किंवा दवाखान्याला पैसे लागले तर खुशाल मोडा, सोनं त्यासाठीच असतं. सायकीच्या भीतीनं एक गुंजही मोडू नका.

त्याच मेसेजखाली कुठे "अंतराळ खाणकामाचं टोकन घ्या" अशी लिंक दिसली तर उघडू नका. कुणी पैसे भरून बसलं असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही लगेच कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली, तरच ती गोठवता येण्याची शक्यता राहते.