‘लेक वाचवा’ म्हणताना गर्भपाताचा हक्क हातचा जाऊ देऊ नये

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावातील एका खाजगी दवाखान्यात एका बाईंसोबत गर्भपातासाठी गेले होते. अकरावा आठवडा, पदरी दोन मुली, धाकटी जेमतेम दहा महिन्यांची आणि अंगात रक्त साडेसात. डॉक्टरांनी कागद चाळले, ‘आधीच्या दोन्ही मुलीच का?’ एवढेच विचारले आणि ‘आम्ही अशी केस घेत नाही’ म्हणून फाईल परत केली; मुलगी नको म्हणून आली असावी, हा संशय उघड होता. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. बाहेरच्या खिडकीवर तर आम्ही काही बोलण्याआधीच नवऱ्याची सही लागेल असे सांगण्यात आले होते. वास्तविक १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे.

या नकाराचा राग आला, पण त्याचे मूळ आपल्याच स्त्री चळवळीच्या भाषेत किती आहे, याचाही विचार करावा लागला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो १९८८ चा कायदा आपोआप आला नाही. ‘आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा’ अशा, म्हणजे तपासणी करून हुंडा वाचवा सांगणाऱ्या, जाहिराती तेव्हा उघडपणे केल्या जात होत्या. राज्याच्या आरोग्य खात्यानेच करवून घेतलेल्या पाहणीत मुंबईतील पन्नासपैकी बेचाळीस स्त्रीरोगतज्ज्ञ लिंग ओळखण्यासाठी गर्भजलपरीक्षा करत असल्याचे आढळले होते. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते मुंबईत एका मंचावर आले. त्यांनी मुलींना सोबत घेऊन मोर्चे काढले, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, आमदारांना गाठून आकडे समजावून सांगितले, आणि समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांनी विधानसभेत हा प्रश्न लावून धरला.

या लोकांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपला विरोध लिंग तपासून मुलगी नाकारण्याला आहे, गर्भपाताला नाही, हे ते आवर्जून सांगत होते. सुरक्षित गर्भपाताचा कायदा आधीपासून होता आणि तो शाबूत राहावा म्हणूनच बंदी तपासणीवर मागितली गेली. १९८८ च्या कायद्यात उणिवा होत्या. खाजगी दवाखान्यांना नोंदणी करून तपासणीची मुभा राहिली, आणि तपासणी करून घेणाऱ्या बाईलाही शिक्षेची तरतूद झाली, जी अनेकींना मान्य नव्हती. पण पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा झाला तो याच वाटेने. त्याचीही अंमलबजावणी होईना, तेव्हा २००० साली सेहत ही आरोग्यावर संशोधन करणारी संस्था, पुण्याची मासूम ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था आणि या प्रश्नावरचे कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

२०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील हजार मुलांमागे ८९४ मुली आढळल्या; बीडमध्ये तर ८०७. धक्का बसणे स्वाभाविक होते. परंतु त्यानंतर जी घाई झाली, तिच्यात हा जुना विवेक सुटला. सत्ताधाऱ्यांकडूनच खुनाचे कलम लावण्याची मागणी पुढे आली, गर्भपाताच्या गोळ्यांवर अशी करडी नजर बसली की अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडून दिले, आणि ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतीभिंतीवर गेला. हत्या म्हटले की मारेकरी आलाच, आणि गावात तो मारेकरी म्हणजे पिशवी साफ करायला आलेली बाई ठरते, मग ती कोणत्याही कारणाने आलेली असो. डॉक्टरही तोच हिशेब करतात. मुली असलेल्या बाईला परत पाठवले तर कोणी जाब विचारत नाही, तिची केस घेतली तर चौकशी मागे लागेल असे त्यांना वाटते.

२०२१ च्या दुरुस्तीने काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर गेली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात सामावून घेतले. परंतु ज्या बाईला अकराव्या आठवड्यातच दार बंद होते, तिला चोवीस आठवड्यांचा काय उपयोग?

अधिवेशनापूर्वी आमच्या आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा परवा तयार केला. मागण्या साध्या आहेत: सरकारी फलकांवरून ‘हत्या’ हा शब्द काढावा, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताची सोय आणि प्रशिक्षित डॉक्टर असावेत, नवऱ्याची सही मागणाऱ्या केंद्रांना लेखी समज द्यावी, आणि तपासण्यांच्या मोहिमेत गर्भलिंगनिदान करणारे केंद्र व कायदेशीर गर्भपात करणारे केंद्र यांना एका मापाने मोजू नये. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत आमच्यातील एका जुन्या कार्यकर्तीने सवयीने ‘भ्रूणहत्या’ लिहिले होते. आम्ही तो शब्द खोडून ‘गर्भलिंगनिवड’ असे लिहिले, आणि त्यावर तासभर बोललो.

त्या बाईंचा गर्भपात अखेर जिल्हा रुग्णालयात झाला. दोन हेलपाटे झाले, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि तोवर तेरावा आठवडा लागला होता.