“इथं कोण वाचतंय?”

विश्वकोशाचा एक खंड हवाय. तिसऱ्यांदा वाचनालयात गेलो, तिसऱ्यांदा कपाटाला कुलूप! किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष बाहेरगावी. आवाज चढवला तर कार्यकारिणीतले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सर, इथं कोण वाचतंय?”

अहो, मी वाचतोय! तुमच्यासमोर उभा राहून पुस्तक मागतोय. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत पोरं सकाळपासून स्पर्धा परीक्षेची गाईडं घोकतात. त्यांतली दोघं-तिघं मला हळूच विचारतात, “सर, दुसरं काही वाचायला मिळेल का?” ती कोण मग?

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. गावातले विचारतात, “एवढं शिकून इथं कसे राहिलात, पुण्यात काही जमलं नाही का?” पुण्यातले मित्र म्हणतात, “तिथं निवांत असेल, पण बोलायला कुणी नसेल ना?” तालुक्याच्या गावात डोकं चालवणारा माणूस असूच शकत नाही, हे दोघांनीही परस्पर ठरवून टाकलंय.

आणि जो विश्वकोश कुलपात ठेवलाय, तो तयार कुठं झाला? वाईत! तालुक्याच्याच गावात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं राहून ते काम उभं केलं, 1976 साली पहिला खंड आला. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव वणवणले, 1926 साली धुळ्यात वारले. गावात कोण वाचतंय म्हणून ते घरी बसले असते तर?

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. आमच्याकडे तो तपासणीच्या आदल्या दिवशी आठवतो. त्या दिवशी सगळी कपाटं उघडतात, धूळ झटकली जाते, रजिस्टरं भरली जातात. म्हणजे किल्ली सापडते! ग्रंथपाल बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या हातात टेकवतात त्या पैशांत महिन्याचा किराणा येत नाही, तरी त्या वेळेवर येऊन दार उघडतात. पण ज्यांना वाचनालय फक्त हार-तुऱ्यांसाठी हवंय, त्यांनी खुर्च्या सोडाव्यात.

सोमवारी पुन्हा जाणार आहे. किल्ली नसेल तर त्या कपाटासमोरच बसेन, संध्याकाळपर्यंत. अभ्यासिकेतली दोन पोरं म्हणालीत, आम्हीही बसतो.