माझ्याशिवाय कुणाला येत नाय

कंपनी आपली, हापिस आपलं, माणूस आपला, फक्त पुण्याच्या हापिसातनं उचलून अमेरिकेतल्या हापिसात बसवायचाय, एवढ्याला व्हिसा कशाला पायजे, असं आमचे काका म्हणतात. कपाट ह्या खोलीतनं त्या खोलीत सरकवायला कुणी परवानगी मागतंय काय?

तर मागावी लागते. त्या व्हिसाचं नाव एल वन, १९७० साली अमेरिकेनं खास ह्याच कामासाठी काढलाय. आणि एक मान्य करायला पायजे, एच वन बी ह्या नोकरीच्या दुसऱ्या व्हिसासारखी वर्षाला ६५,००० अधिक २०,००० ची मर्यादा नाय, लॉटरी नाय. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीत अमेरिकेबाहेर काम केलेलं असलं की झालं. झालं म्हणजे, झालं कुठलं! मॅनेजर लोकांना एल वन ए, जास्तीत जास्त सात वर्षं. माझ्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्याला एल वन बी, पाच वर्षं, आणि त्यानं सिद्ध करायचं की कंपनीच्या मालाचं असं खास ज्ञान आपल्याकडं हाय जे बाजारात सहज मिळत नाय.

आता हे कोल्हापुरात राहून सिद्ध करून दाखवा. मी वर्क फ्रॉम होम राजारामपुरीतनं करतो, आणि राजारामपुरीत माझ्यापेक्षा सगळ्यांनाच जास्त कळतं. वायफाय बंद पडलं तर आई शेजारच्या बारावीतल्या पोराला हाक मारते, मी समोर बसलेलो असताना.

पण कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं आणि विषयच हार्ड झाला. आमचं गोदामाचं एक सॉफ्टवेअर हाय, त्यातलं रात्री स्टॉक जुळवणारं मॉड्यूल मी बघतो. पत्रात ते मॉड्यूल म्हणजे कंपनीचा कणा, आणि मी नसलो तर तिकडचं प्रोजेक्ट आडवं पडणार असं इतक्या शांतपणे लिहिलंय की मी दोनदा वाचून वर नाव माझंच हाय ना ते बघितलं. खाली सही कुणाची, तर अप्रेझलला मला दरवर्षी 'ठीकठाक' शेरा देणाऱ्या मॅनेजरची. साहेब, हे पत्र पगारवाढीच्या टायमाला कुठं ठेवलं होतं?

मग डीएस १६०, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म. हा ऑनलाइन भरायचा आणि मध्ये थांबायचं नाय, वीस मिनिटं हात लावला नाय की बाहेर काढतो, म्हणजे आईनं जेवायला हाक मारली की सेव्ह करूनच उठायचं. त्यात एक प्रश्न, तुम्ही कुठल्या कुळाचे वा टोळीचे हाय का? आज्जीचा चेहरा उजळला. एवढ्या फॉर्ममधला हा एकच प्रश्न तिला पटला. म्हणाली, "कुळ विचारतोय न्हवं, मग ज्योतिबा लिही की, लाजतोस कशाला." पुढं विचारलंय, तुमच्याकडं काही खास कौशल्य हाय का, म्हणजे बंदुका, स्फोटकं, अणुबिणू असलं. मी 'नाही' वर टिक केली. म्हणजे वकिलाच्या कागदात खास ज्ञान हाय, सरकारी फॉर्मात खास कौशल्य नाय, आणि दोन्ही कागद एकाच फायलीत घेऊन हसतमुख उभं राहायचं.

फोटोचं तर विचारूच नका. दोन बाय दोन इंच, मागं पांढरं, चष्मा नाय (२०१६ पास्नं बंद केलाय), आणि फोटोला एडिटिंग चालत नाय. हे शेवटचं महाद्वार रोडच्या स्टुडिओवाल्याला समजावणं अवघड. मी सांगतोय तोवर त्यानं माझ्या गालावरचा तीळ उडवला, रंग दोन घर उजळवला आणि म्हणाला, "दादा, लग्नाला पण चालंल बघा." तीळ परत बसवायला लावला तर त्यानं तो दुसऱ्या गालावर बसवला. शेवटी परत काढला फोटो.

बायकोचं मात्र बेस हाय. तिचा एल टू, म्हणजे एल वनवाल्याच्या बायकापोरांचा व्हिसा, तिला लग्नाचा दाखला पुरतो, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपास्नं एल वनवाल्याच्या जोडीदाराला तिथं वेगळं वर्क परमिट न काढता कुठंही नोकरी करता येते. मी मात्र ह्याच कंपनीच्या दावणीला. ज्याला खास ज्ञान तो बांधलेला, जिला ते सिद्ध करायचं नाय ती मोकळी. ती आत्ताच विचारतीय, नोकरी आवडली नाय तर बदलू ना.

आमच्या कंपनीचा ब्लँकेट एल, म्हणजे कंपनीनं एकदाच ठोक मंजुरी घेऊन ठेवायची आणि माणसं त्याखाली पाठवायची. हे अर्ज २०११ साली चेन्नईच्या अमेरिकन वकिलातीत एकवटले, त्यामुळं माझी मुलाखतही तिकडंच. तयारी म्हणून काकांनी सोफ्यावर बसून अधिकाऱ्याचा रोल घेतला. काका साखर कारखान्यात हेड क्लार्क होते, कागदात खोट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोण नाय.

"हे काम तुझ्याशिवाय कुणाला येत नाय?"

"नाय सर."

"मग तू तिकडं गेल्यावर हितलं कोण बघणार?"

"टीममधला एक पोरगा हाय, त्याला शिकवलंय मी."

"किती दिवसात शिकला?"

"तसा हुशार हाय... आठवड्याभरात."

काकांनी चष्मा काढला, फाईल मिटली आणि टीपॉयवर आपटली. "रिजेक्ट."

आई आतनं चहा घेऊन आली, म्हणाली, "त्या पोरालाच पाठवा म्हणावं मग. ह्याला हिकडं वायफाय तरी शिकू दे."