इंग्रजांनी आपली लक्तरं वेशीवर टांगलीच नाहीत?

एखाद्या मराठी किंवा हिंदी सिनेमात झोपडपट्टी, जातीवरून होणारी मारहाण किंवा पोलिसांची दांडगाई दिसली आणि तो परदेशातल्या महोत्सवात गेला, की एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो. त्याचा गाभा असा: इंग्रजांकडून शिका. ते सिनेमात राजवाडे, हिरवी कुरणं, शिस्तीचे सैनिक आणि अदबीनं चहा पिणारी माणसं दाखवतात. स्वतःची घाण जगापुढे मांडत नाहीत. युद्धात तर सगळा देश एका सुरात बोलला. सरकारी पैशावर देशाची बदनामी तिथे कुणी खपवून घेत नाही. काळे-सावळे चेहरे हल्ली फॅशन म्हणून घुसडलेत. घाण दाखवायचीच तर ते आपली दाखवतात, 'स्लमडॉग मिलियनेअर'सारखी. शेवटी आपल्या दिग्दर्शकांना देशभक्तीचा सल्ला असतोच.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. एरवी मी ते सोडून दिलं असतं. पण याच्याच जोरावर आपल्याकडे कलावंतांची तोंडं बंद करायची भाषा केली जाते, म्हणून मुद्दे घेऊन उत्तर देतोय.

आधी घाणीबद्दल. १९३५ साली आर्थर एल्टन आणि एडगर अ‍ॅन्स्टी यांनी 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा छोटा माहितीपट केला. पूर्व लंडनमधल्या स्टेपनी भागातली माणसं त्यात स्वतःच्या खोलीत उभं राहून थेट कॅमेऱ्याशी बोलतात. भिंतीतली ओल, ढेकूण, उंदीर, मोडके जिने, सगळं स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या बोलीत सांगतात. गरीब माणसाबद्दल निवेदकानं बोलायचं हा तेव्हाचा रिवाज होता. इथे गरीब माणूसच बोलतो, तेही साम्राज्याच्या राजधानीतून. पैसा गॅस कंपन्यांच्या संघटनेचा होता, त्यामुळे पुढच्या भागात नव्या घरांची भलामण येते हे खरं. तरी त्या खोल्या पडद्यावर आल्या त्या आल्याच.

झाकपाक करण्याचे प्रयत्न तिथेही झाले, आणि हे सांगितलंच पाहिजे. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमधल्या बेकारीवर वॉल्टर ग्रीनवुड यांची 'लव्ह ऑन द डोल' ही कादंबरी १९३३ मध्ये आली होती. तिच्यावर सिनेमा करायचं ठरलं तेव्हा, १९३६ साली, सेन्सॉर मंडळानं पटकथाच नाकारली. कामगारवस्तीचं इतकं उघडं चित्र त्यांना नको होतं. तो सिनेमा शेवटी आला १९४१ मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात. देश सर्वांत अडचणीत असताना स्वतःची बेकारी पडद्यावर दाखवायची परवानगी मिळाली आणि त्यानं लढाई काही हरली नाही.

साठच्या दशकात तर हीच मुख्य धारा झाली. 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९६०) मधला नायक नॉटिंगहॅमच्या कारखान्यात लेथवर उभा असतो आणि मालक, सरकार, शेजारी या सगळ्यांवर खार खाऊन असतो. केन लोच यांच्या 'केस' (१९६९) मधला एक प्रसंग तर ज्यांना कुणाला इंग्रजी शिस्तीचं कौतुक आहे त्यांनी जरूर पाहावा. बार्न्सली या खाणकामगारांच्या गावातली शाळा. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर सिगारेट ओढताना पकडलेली पोरं उभी आहेत. तेवढ्यात एक लहानसा मुलगा कुठल्यातरी शिक्षकाचा निरोप घेऊन येतो. मोठी पोरं आपल्या सिगारेटी त्याच्या खिशात कोंबतात. आत गेल्यावर हेडमास्तर लांबलचक भाषण देतात, खिसे तपासतात आणि त्या निरोप्यालाही छडी मारतात. पोरगा सांगायचा प्रयत्न करतो, पण त्याचं ऐकतो कोण? दोन-चार मिनिटांत एका अख्ख्या शिक्षणव्यवस्थेची परीक्षा होते. राजवाडा, कुरण, चहा यातलं काहीही तिथे नाही.

दुसरा मुद्दा युद्धाचा, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. युद्धात सगळे एका सुरात बोलले असं सांगणाऱ्यांनी 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प' पाहावा. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीचा हा रंगीत सिनेमा जून १९४३ मध्ये, ऐन युद्धात आला. कर्नल ब्लिम्प हे मुळात डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रातलं पात्र: फुगलेला, मिशाळ, जुन्या वळणाचा लष्करी अधिकारी. सिनेमाच्या सुरुवातीलाच तरुण सैनिक सरावाची ठरलेली वेळ न पाळता आधीच चाल करून जातात आणि म्हाताऱ्या जनरलला स्नानगृहात, टॉवेलावरच कैद करतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की नाझी काही वेळ सांगून येत नाहीत. आपलं जुनं लष्कर, त्याची खानदानी खिलाडूवृत्ती आता चालणार नाही, हे ब्रिटिश सिनेमा ब्रिटिश लष्कराला युद्धकाळात सुनावतो.

त्याहून धाडसाचं म्हणजे त्यातला सर्वांत शहाणा माणूस जर्मन आहे. थिओ हा जर्मन अधिकारी म्हातारपणी निर्वासित होऊन इंग्लंडला येतो. परकीयांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तो बसतो आणि आपण का आलो ते सांगतो: इंग्रज बायको वारली, मुलं नाझी झाली, आईच्या अंत्यविधीलाही आली नाहीत. कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. अँटन वॉलब्रूक हा नट स्वतः ऑस्ट्रियात जन्मलेला, नाझींमुळे देश सोडलेला. पटकथाकार प्रेसबर्गर हंगेरीत जन्मलेले ज्यू, तेही नाझींपासून पळून आलेले. इंग्लंड म्हणजे काय, याचं त्या काळातलं सर्वांत हळवं वर्णन अशा माणसांनी केलं.

चर्चिल भडकले. हा सिनेमा थांबवता येईल का अशी विचारणा त्यांनी माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकन यांच्याकडे केली. तसे अधिकार आपल्याकडे नाहीत असं ब्रॅकन यांनी कळवलं. मुख्य भूमिकेसाठी लॉरेन्स ऑलिव्हिए हवे होते, ते तेव्हा नौदलाच्या हवाई दलात होते आणि त्यांना काही सोडलं नाही. लष्करानं मदत नाकारली. तरीही सिनेमा पुरा झाला, लागला, लोकांनी गर्दी केली. आज ब्रिटिश चित्रपटांची कुठलीही गंभीर चर्चा त्याला वगळून होत नाही.

सरकारी पैशाचं आता. केन लोच यांच्याच 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) या सिनेमात न्यूकॅसलच्या एका सुताराला हृदयविकाराचा झटका येतो. डॉक्टर म्हणतात काम करू नकोस, सरकारी यंत्रणा म्हणते तू कामाला लायक आहेस. अर्ज संगणकावरच भरायचा. माउस स्क्रीनवर वर न्या असं कुणीतरी सांगतं, तर हा बिचारा माउस उचलून खरोखरच स्क्रीनला लावतो. त्याच सिनेमात दोन लेकरांची आई फुकट धान्य मिळणाऱ्या केंद्रात जाते आणि भूक न आवरून तिथेच डबा फोडून हातानं खायला लागते. या सिनेमाला पैसा दिला बीबीसी फिल्म्सनं आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं, म्हणजे सार्वजनिक तिजोरीनं. त्याला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सत्ताधारी पक्षाच्या माजी मंत्र्यांनी त्याच्यावर टीका केली, विरोधी पक्षनेत्यानं संसदेत पंतप्रधानांना तो पाहा म्हणून सांगितलं. आयर्लंडमधल्या ब्रिटिश अत्याचारांवरच्या, लोच यांच्याच २००६ च्या 'द विंड दॅट शेक्स द बार्ली'लाही ब्रिटनचा सार्वजनिक निधी होता. काही वर्तमानपत्रांनी लोच यांना देशद्रोह्याच्या पंगतीला बसवलं खरं, पण पुढच्या सिनेमाचे पैसे त्यामुळे थांबले नाहीत.

तिथे सगळंच चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. अणुहल्ल्यानंतरचं ब्रिटन दाखवणारा पीटर वॉटकिन्स यांचा 'द वॉर गेम' बीबीसीनं स्वतःच केला आणि १९६५ मध्ये दाखवायला नकार दिला. त्याला ऑस्कर मिळालं, तरी ब्रिटिश टीव्हीवर तो यायला १९८५ उजाडलं.

काळे-सावळे चेहरे हल्लीचे, हा दावा तारखांपुढेच टिकत नाही. बेझिल डिअर्डन यांचा 'सफायर' १९५९ चा. नॉटिंग हिलच्या वांशिक दंगलींनंतर वर्षभरात आलेला आणि लंडनमधला गोरा वर्णद्वेष उघडा करणारा. हॉरेस ओव्हे यांचा 'प्रेशर' सत्तरच्या दशकातला. त्रिनिदादहून आलेल्या आईबापांच्या, लंडनमध्ये जन्मलेल्या, शिकलेल्या पण नोकरी न मिळणाऱ्या पोराची गोष्ट. हनीफ कुरेशी यांनी लिहिलेला 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' १९८५ चा, चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीच्या पैशानं झालेला. त्यात सईद जाफरींनी रंगवलेला पाकिस्तानी काका थॅचरबाईंच्या काळात पैसा करतो आणि भाडेकरूंना घराबाहेर काढतो. स्थलांतरितांना नुसतं बिचारं दाखवायचंही कुरेशींनी नाकारलं. १९९३ च्या 'भाजी ऑन द बीच' मध्ये गुरिंदर चढ्ढा यांनी बर्मिंगहॅमच्या आपल्या आज्या, आत्या आणि पोरी मिनीबसमध्ये भरून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर नेल्या. ही माणसं तिथे राहत होती म्हणून पडद्यावर आली. फॅशनचा प्रश्न येतोच कुठे?

राहिला 'स्लमडॉग'. धारावीतल्या लोकांना तो शब्द झोंबला, आणि त्यांचा राग मला मान्य आहे. पण इंग्रज स्वतःचं झाकून आपलंच उघडं करतात, याचा पुरावा म्हणून हा सिनेमा कामाचा नाही. शौचाच्या खड्ड्यात उडी मारणारा पोरगा ज्या डॅनी बॉइल यांनी दाखवला, त्यांनीच त्याच्या बारा वर्षं आधी 'ट्रेनस्पॉटिंग' मध्ये आपल्या स्कॉटिश नायकाला स्कॉटलंडच्या सर्वांत घाणेरड्या संडासात डोक्यासकट घातलं होतं. 'स्लमडॉग'चे पटकथाकार सायमन ब्यूफॉय यांनी १९९७ मध्ये 'द फुल मॉन्टी' लिहिला होता. तो सुरू होतो शेफील्ड शहराच्या जुन्या जाहिरातपटानं: रसरसतं पोलाद, नवी घरं, हसरी माणसं. लगेच पुढे पंचवीस वर्षांनंतरचा गंजलेला, ओसाड कारखाना आणि त्यातून भंगार चोरणारे बेकार कामगार. शहरानं स्वतःबद्दल सांगितलेलं आणि शहराचं खरं रूप त्यांनी शेजारी ठेवलं. आणि 'स्लमडॉग'ची मूळ कादंबरी तर विकास स्वरूप या भारतीय मुत्सद्द्याची.

आता साम्राज्य. इथे त्या मजकुराला आधार सापडतो, पण ज्याचं तो कौतुक करतो नेमकी तीच ब्रिटिश सिनेमाची खरी उणीव आहे. वायव्य सरहद्दीवरच्या इंग्रजी शौर्याचे गोडवे गाणारा 'द ड्रम' १९३८ मध्ये मुंबईत लागला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि तो काढून घ्यावा लागला. २०१७ च्या 'डंकर्क' या युद्धपटात त्या फ्रेंच किनाऱ्यावर प्रत्यक्ष हजर असलेल्या भारतीय खेचर-तुकड्या दिसत नाहीत. जालियनवाला बाग मोठ्या पडद्यावर नीट आणली ती रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' नं, १९८२ साली. चौकशी समिती डायरला विचारते की गोळी लागलेलं मूल मदत मागायला येणार तरी कसं, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. पण त्या सिनेमातही भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) पैसा होता, गोखले श्रीराम लागूंनी केले, कस्तुरबा रोहिणी हट्टंगडींनी, आणि वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैयांना मिळालं. साम्राज्याचा हिशेब मांडायला अर्धं बळ आपलंच लागलं.

'ब्लिम्प' लंडनमध्ये लागला त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. चर्चिलवर सिनेमे निघाले, पण त्या दुष्काळाला मध्यभागी ठेवणारा मोठा ब्रिटिश सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. त्या दुष्काळावर 'अशनि संकेत' हा सिनेमा केला सत्यजित राय यांनी, १९७३ मध्ये, आणि त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. याच राय यांच्यावर पुढे राज्यसभेतल्या नर्गिस यांनी परदेशात भारताची गरिबी विकल्याचा आरोप केला. त्या मजकुराचा सल्ला तेव्हा कुणी राय यांना दिला असता आणि त्यांनी तो ऐकला असता, तर चर्चिलच्या काळातला तो दुष्काळ पडद्यावर आणायचं काम ब्रिटिशांवरच सोडावं लागलं असतं.