‘मराठी बाजूला ठेवा’ सांगणाऱ्या फ्रेंचच्या त्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. अकरावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेल्या मुलांच्या ग्रुपवर आला, कॅनडाची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपवर आला, आणि माझ्या बॅचमधल्या तिघांनी तो मला पाठवून विचारलं की मॅम हे बरोबर आहे का. मेसेज थोडक्यात असा: फ्रेंचमध्ये डेली रूटीन सांगणं १० मिनिटांचं काम आहे, इंग्रजीतलं सिम्पल प्रेझेंट घ्या आणि शब्दाला शब्द बदला, मराठीतून विचार करू नका, गोंधळ होतो. क्रियापदाआधीचं ‘म’ म्हणजे ‘स्वतःला’, ते राहिलं तरी समोरच्याला कळतं. प्रत्येक क्रियापदाची ६ रूपं घोका. चालू वर्तमानकाळ फ्रेंचमध्ये नाहीच, तो विषय सोडून द्या. आणि ‘मी’ची २० वाक्यं पाठ केलीत की ए-वन लेव्हल, म्हणजे फ्रेंचची पहिली पायरी, झालीच.

मला याचा खरंच त्रास होतो, कारण यातल्या एकेका ओळीने झालेल्या चुका मी दर आठवड्याला वहीत लाल पेनाने गोल करते. म्हणून एकदा नीट लिहितेय. फ्रेंच शब्द ऐकू येतात तसे देवनागरीत देतेय, ‘झ’ म्हणजे मी, आणि हा झ ‘झाड’मधला नाही, इंग्रजी ‘ट्रेझर’मध्ये ऐकू येतो तो.

आधी ते ‘म’चं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे. ‘झ म लेव्ह’ म्हणजे मी उठते. मेसेजवाला म्हणतो याचा अर्थ ‘मी स्वतःला उठवते’, आणि मग मुलांना वाटतं फ्रेंच लोक काहीतरी विचित्रच बोलतात, कशाला लावायचं ते म. अरे पण आपल्याकडे बघा ना. आपण म्हणतो उठणे आणि उठवणे, फिरणे आणि फिरवणे, थांबणे आणि थांबवणे, झोपणे आणि झोपवणे. मूळ आपलं साधं, आणि दुसऱ्याकडून करवायचं असलं की मधे एक ‘व’ घालतो. फ्रेंचमध्ये हेच उलट्या बाजूने चालतं. त्यांचं मूळ क्रियापदच ‘व’वालं आहे, रेव्हेये म्हणजे जागं करणे, प्रोमने म्हणजे फिरवणे, कुशे म्हणजे झोपवणे, आरेते म्हणजे थांबवणे, आणि त्यातून साधं रूप काढायचं असेल तर क्रियापदाआधी म, त, स लावायचं, ‘मी’ला म, ‘तू’ला त, ‘तो-ती-ते’ला स. ‘झ प्रोमेन ल श्यॅं’ म्हणजे मी कुत्र्याला फिरवते, ‘झ म प्रोमेन’ म्हणजे मी फिरते. ‘झ रेव्हेय मा फीय’, मुलीला उठवते, ‘झ म रेव्हेय’, मला जाग येते. एवढंच आहे ते. ज्या मुलाला फिरणे-फिरवणे कळतं त्याला हे ५ मिनिटांत कळतं, मी स्वतः बघितलंय, चेहरे उजळतात अक्षरशः.

आता ‘म’ राहिलं तर कळतं का? ‘झ रेव्हेय आ सीझर’ असं कोणी म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो, सहाला उठवते, बरं, कोणाला? वाक्य अर्धवट राहिलं. ही चूक येते कुठून, तर इंग्रजीतून, कारण ‘आय वेक अप’मध्ये तिथे काहीच नसतं. म्हणजे मेसेजवाल्याने सांगितलेल्या रस्त्याने गेलं की हीच चूक होणार आणि वर तोच सांगतोय की चूक झाली तरी चालते.

शिवाय हे म-त-स दर वेळी स्वतःकडे वळत नाही. ‘इल स पार्ल’ म्हणजे ते एकमेकांशी बोलतात. ‘सा स मांझ’ म्हणजे हे खातात, खायची गोष्ट आहे. इथे ‘स्वतःला’ लावून बघा, भलताच अर्थ निघेल.

हात धुण्याचं उदाहरण तर मी प्रत्येक बॅचला देते. इंग्रजीतून आलेला मुलगा लिहितो ‘झ लाव्ह मे मॅं’, मी माझे हात धुतो. फ्रेंच माणूस म्हणतो ‘झ म लाव्ह ले मॅं’, म्हणजे ‘माझे’ नाहीच. आणि आपण मराठीत काय म्हणतो? मी हात धुतो, दात घासतो, केस विंचरतो. कोणी ‘माझे दात घासतो’ म्हणतं का घरात? अर्थात ‘म’ तेवढं लावावं लागतं, ते मराठीत नाही, पण ‘माझे’चा लोचा मराठीतून आलात तर मुळातच होत नाही.

झोपेचंही तसंच आहे. आडवं होणं, झोप लागणं आणि झोपलेलं असणं या ३ गोष्टी आहेत आणि फ्रेंचमध्ये त्यांना ३ क्रियापदं आहेत: झ म कुश, झ मांदॉर, झ दॉर. वहीत कायम सापडतं ‘झ दॉर आ ओंझर’, त्याला म्हणायचं असतं मी अकराला झोपतो आणि वाक्याचा अर्थ निघतो अकराला मी झोपेत असतो. अकराला अंथरुणावर पडलास आणि बाराला झोप लागली, तर ‘झ म कुश आ ओंझर’ आणि ‘झ मांदॉर आ मिन्वी’. पडणे आणि झोप लागणे यातला फरक आजीच्या तोंडून आपण लहानपणापासून ऐकलाय. सकाळचंही तेच, जाग येणे वेगळं आणि उठणे वेगळं, रविवारी तर दोन्हीत तास-दीड तास असतो. आणि आपलं ‘आवरते’? झ म प्रेपार. घट्ट बसतं.

पुढे ती ६ रूपं. लिहायला ६ आहेत, मान्य, वहीत बरोबर लिहावीच लागतात, आणि लव्हेसारख्या (उठवणे) क्रियापदात पहिल्या ‘ई’वर तिरकी खूण कुठे येते आणि कुठे नाही हे पण बघावं लागतं. पण टेबल घोकणारी मुलं ६ वेगवेगळे उच्चार करायला जातात आणि न उच्चारायची अक्षरं पण मोठ्याने म्हणतात. कानाला बघा: झ म लेव्ह, त्यू (तू) त लेव्ह, इल (तो) स लेव्ह, अनेकवचनातलं ते उठतात पण इल स लेव्ह. चारही जागी लेव्ह! नू नू लव्हों (आम्ही उठतो) आणि व्हू व्हू लव्हे (तुम्ही उठता) एवढी दोनच वेगळी, आणि रोजच्या बोलण्यात नूच्या जागी बहुतेक लोक ‘ओं’ वापरतात, ओं स लेव्ह, म्हणजे आपण उठतो, ते पुन्हा लेव्हच. राहिलं एक, व्हूचं. फ्रेंचमधली नव्वद टक्क्यांच्या आसपास क्रियापदं याच ‘एर’वाल्या घरातली, म्हणजे मूळ रूपात शेवटी ई-आर लिहायची, आहेत, म्हणजे २ आवाज नीट बसले की केवढं काम झालं.

जिथे खरंच लक्ष द्यायला पाहिजे तिथे मेसेज गप्प आहे. दिनचर्येत सारखी लागणारी पार्तिर (निघणे), सॉर्तिर (बाहेर पडणे), प्रांद्र (घेणे), फेर (करणे) ही या घरात बसत नाहीत. तो निघतो ‘इल पार’, ते निघतात ‘इल पार्त’, तो त शेवटी ऐकू यायलाच हवा. आणि तुम्ही करता हे ‘व्हू फेत’, ‘व्हू फेझे’ नाही. भांडी, कपडे, साफसफाई, बाजारहाट, स्वयंपाक सगळं फेरवर चालतं, हे एक क्रियापद कच्चं राहिलं तर अर्धा दिवस कच्चा.

मराठी सगळीकडे बरोबर नेते असं मी म्हणत नाही. आपण ‘उठून, चहा घेऊन, आंघोळ करून, डबा भरून मी निघते’ म्हणतो आणि एकच क्रियापद चालवतो. फ्रेंचमध्ये प्रत्येकाला स्वतःचं रूप द्यावं लागतं: झ म लेव्ह, झ प्रां अं ते, झ म दूश, झ प्रेपार मा गामेल, ए झ पार. (गामेल म्हणजे कामावर न्यायचा डबा, अगदी आपल्याच अर्थाचा.) आणि आंघोळीला ‘झ प्रां अं बॅं’ लिहू नका प्लीज, बॅं म्हणजे टबात डुंबणं, बादली-तांब्याची आंघोळ त्यात येत नाही, ‘झ म लाव्ह’ म्हणा, शॉवर असेल तर दूश.

चालू वर्तमानकाळ. वेगळं रूप नाही हे खरं आहे, ‘झ मांझ’ म्हणजे जेवते पण आणि जेवतेय पण, रोजचं असेल तर ‘टू ले झूर’ जोडायचं. पण ‘आत्ता जेवतेय, नंतर कर फोन’ असं ठासून सांगायचं असेल तर ‘झ स्वी आं त्रॅं द मांझे’ आहे आणि सर्रास वापरतात, त्यामुळे सोडून कसं द्यायचं. आणि खरी गंमत पुढे आहे. ‘मी १० वर्षांपासून पुण्यात राहते’, वर्तमानकाळ. फ्रेंच: ‘झाबित आ पुणे दप्वी दिझां’, वर्तमानकाळच! इंग्रजीतून गेलेली मुलं तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ आठवून भूतकाळ घालतात आणि वाक्य असं होतं की जणू आता पुणं सुटलंय. ‘उद्या निघते’ला पण तसंच, ‘झ पार दमॅं’.

वेळेबद्दल मेसेजमध्ये काहीच नाही, पण सव्वा, साडे, पावणे हे तिन्ही फ्रेंचमध्ये आहेत. वितर ए कार सव्वाआठ, वितर ए दमी साडेआठ, वितर म्वॅं ल कार पावणेआठ. फक्त रेल्वेच्या टाइमटेबलसारखं १८ वाजता म्हणायचं असेल तर साडे चालत नाही, सरळ १८ तास ३० म्हणायचं. कॅनडावाल्यांनी एक लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये देझने म्हणजे दुपारचं जेवण, क्वेबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, तोच शब्द सकाळच्या नाश्त्याला.

आणि ती २० वाक्यं. डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा, तिच्या ए-वनच्या तोंडी परीक्षेत ३ भाग असतात. पहिल्यात परीक्षक तुम्हाला विचारतात, तिथे पाठ केलेलं थोडंफार खपतं. दुसऱ्यात उलटं, तुमच्या हातात चिठ्ठ्या येतात, त्यावर ‘रविवार?’ किंवा ‘नाश्ता?’ असा एखादा शब्द, आणि प्रश्न तुम्ही परीक्षकांना विचारायचे. तिथे ‘झ’ची २० वाक्यं काय कामाची? तिथे ‘व्हू’ लागतं, आणि इंग्रजीच्या एकाच ‘यू’मधून आलेला मुलगा त्यू म्हणून मोकळा होतो. आपण परीक्षकांना अरे-तुरे करू का? तुम्हीच म्हणू, आणि व्हू तेच आहे, अनेकांनाही तुम्ही आणि मान देऊनही तुम्ही. म्हणून माझ्या क्लासमध्ये दिनचर्या कोणी एकट्याने म्हणून दाखवत नाही. दोघं समोरासमोर बसतात, एक विचारतो ‘व्हू व्हू लव्हे आ केलर, ल दिमांश?’ (रविवारी तुम्ही किती वाजता उठता?), दुसरा उत्तर देतो, आणि मग तेच उत्तर पहिला तिसऱ्याला सांगतो, ‘इल स लेव्ह आ नव्हर’, तो नऊला उठतो.