एक इसम बुडताना वाचविला

गेल्या रविवारी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी आमच्या उपनगरातील जलतरण तलावाच्या नोंदवहीत, निळ्या शाईने आणि अत्यंत वळणदार अक्षरात, ‘एक इसम बुडताना वाचविला’ अशी नोंद झाली. तो इसम मी. मी बुडत नव्हतो, हे मी तिथल्या तिथे सांगितले, व्यवस्थापकांच्या खोलीत ओल्या अंगाने उभा राहून सांगितले, घरी सांगितले, सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सांगितले आणि आता येथे सांगतो आहे. प्रत्येक ठिकाणी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू उमटते. घसा बसला होता म्हणून गाणे रंगले नाही, असे सांगणाऱ्या गायकाच्या वाट्याला जे हसू येते, ते हे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला बऱ्यापैकी पोहता येते. या दोन गोष्टींची सांगड घालावी, अशी दुर्बुद्धी मला एप्रिलमध्ये झाली आणि अकरावीची नऊ मुले घेऊन मी दर रविवारी तलावावर जाऊ लागलो. मुलांना पोहता येत होते, म्हणजे ती बुडत नव्हती. उन्हाळी वर्गात त्यांना जे शिकवले गेले होते, त्याचा सगळा अभ्यासक्रम ‘हात मार, पाय मार’ या चार शब्दांत मावत असे. आपल्याकडे पोहणे हे असेच शिकवले जाते, आणि पोरगे दमले की ‘स्टॅमिना नाही’ असे निदान होते.

वास्तविक दम कमी नसतो, पाणी जास्त असते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. ही आठपट शक्ती सोळा वर्षांच्या पोराने आणायची कुठून? त्यापेक्षा पाण्याला अडेल असे आपले अंग कमी करावे, हे शहाणपणाचे. भिंतीला पायाने रेटा द्यावा, हात डोक्यापुढे एकमेकांवर ठेवावेत, दंड कानांना चिकटवावेत आणि काहीही न करता बाणासारखे सरकत राहावे. पहिल्या रविवारी मी एवढेच करायला लावले. एका मुलीला पंचवीस मीटर जायला ३१ हात लागत होते. हा आकडा मी फळ्यावर लिहून ठेवला, कारण मला तो खाली आणायचा होता.

होय, मी तलावावर फळा नेत असे. पांढरा, हातात मावणारा. त्यावर मी गेल्या रविवारी ‘पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो’ असे लिहिले आणि मुलांकडे वळलो, तोच काकांनी मुटका मारला.

काकांचे वय सत्तरीच्या पुढचे आणि पोट त्याहूनही पुढचे. ते कोल्हापूरकडचे, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे हलक्या लाकडाचा ओंडका, बांधून पोहायला शिकलेले. तलावात मुटका मारण्यास सक्त मनाई आहे, असा फलक ते ज्या जागेवरून मुटका मारतात तिथेच लावलेला आहे. गुडघ्यांना मिठी मारून माणूस पाण्यात आदळला की पाण्यात एक खड्डा पडतो, तो खड्डा चहूबाजूंनी मिटताना मधले पाणी कारंज्यासारखे वर फेकले जाते, आणि हे कारंजे माझ्या फळ्यावर आले. शाई ओघळली. वेग गेला, वर्ग गेला, प्रमाण गेले. फळ्यावर ‘विरोध’ एवढा एकच शब्द राहिला, आणि तो पुढचा पाऊण तास राहिला.

“काय ओ सर, पोरांस्नी पाण्यात घालायचं सोडून पाटीवर काय शिकवालाय?” काका म्हणाले आणि आमच्यात येऊन पाण्यावर बसले. बसले हा शब्द मी जाणून वापरतो. काका पाण्यात मांडी घालतात, हात पोटावर ठेवतात आणि दिवाणखान्यात बसावे तसे मान वर ठेवून राहतात.

मी त्या वेळी मुलांना सांगत होतो की हात पाण्यात ओढताना बोटे ताणून चिकटवू नका, किंचित सैल ठेवा. बोटांमधली फट अरुंद असली तर पाण्याला तीतून सहजासहजी निसटता येत नाही, बोटांलगतचे पाणी बोटांबरोबरच ओढले जाते, आणि पंजा आहे त्यापेक्षा थोडा रुंद असल्यासारखा काम देतो. शिवाय मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू उगीच आखडून दमत नाहीत. काकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एका मुलाचे दोन्ही हात धरून त्याची ओंजळ केली, तीत पाणी भरले आणि म्हणाले, “आता बोटं सोड जरा.” पाणी गळून गेले. “बग,” काका म्हणाले. नऊही मुलांनी बघितले. ओंजळीत पाणी धरून ठेवायचे असते आणि पोहताना ते ढकलायचे असते, या दोहोंत फरक आहे, हे मी सांगू लागलो. पण डोळ्यांसमोर गळालेल्या पाण्यापुढे सांगितलेल्या पाण्याचे काही चालत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

मग डोक्याचा विषय निघाला. फ्रीस्टाइलमध्ये नजर तळाकडे हवी. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. ते पाण्यात असेपर्यंत पाणी ते तोलते, आणि बाहेर काढले की त्याचा सगळा भार अंगावर येतो. पुढचे टोक वर गेले की मागचे खाली जाते, कंबर आणि पाय बुडतात, आणि बाणासारखे सरकणारे शरीर पाण्यात उभ्या केलेल्या दरवाजासारखे होते. श्वासासाठीही डोके उचलायचे नसते, अंगाबरोबर कुशीला वळवायचे असते, कारण पुढे सरकणाऱ्या डोक्याच्या बाजूला पाण्याची पातळी आपोआप थोडी खोलगट होते आणि तोंड त्या खोलगटीत मोकळे होते.

“आणि साप आला म्हंजे?” काकांनी विचारले.

“कोठे?”

“पाण्यात. तोंड खाली घालून पोरगं पोहतंय, आणि समोरनं दिवड आलं म्हंजे?”

मी म्हणालो, “काका, हा तलाव आहे. यात क्लोरीन आहे.” काका म्हणाले, “सवय असावी माणसाला.” त्यानंतर बराच वेळ एकही मूल डोके खाली घालायला धजावले नाही.

मान वर काढून पोहण्याचा हा हट्ट एकट्या काकांचा नाही, हे मी कबूल केले पाहिजे. १८४४ साली लंडनच्या हाय हॉलबर्न येथील तलावात उत्तर अमेरिकेतील दोन मूळनिवासी जलतरणपटू, फ्लाइंग गल आणि टोबॅको, पाण्याबाहेरून एकेक हात फिरवत झपाट्याने पोहून गेले. इंग्रज प्रेक्षकांनी त्यांचा वेग पाहिला, त्यांचे हात पवनचक्कीसारखे फिरतात, हे त्यांना असभ्य वाटले, आणि पुढची सुमारे तीस वर्षे ते मान वर ठेवून बेडकासारखे सभ्यपणे व सावकाश पोहत राहिले. म्हणजे सभ्यतेने त्यांना अडवले आणि आमच्या मुलांना दिवडाने.

“आमच्या कोल्हापूरच्या वीरधवलनं काय पाटी बघून मेडल मारलं काय?” काकांचा पुढचा प्रश्न. वीरधवल खाडे यांनी २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर तब्बल २४ वर्षांनी भारताला या स्पर्धेत पोहण्याचे पदक मिळाले होते. ही २४ वर्षे आपण काय करत होतो, तर हात मारत होतो आणि पाय मारत होतो, असे मला म्हणायचे होते. पण काका तोवर मुलांना पाण्यावर मांडी घालायला शिकवू लागले होते.

येथे मी चूक केली. मुले माझ्याकडे परत यावीत म्हणून मी तरंगण्याचे प्रात्यक्षिक घेतले. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक माणसांची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी होते आणि माणूस तरंगतो. श्वास पूर्ण सोडला तर किंचित जास्त होते आणि तो बुडतो. मी उताणा पडलो. माझे पाय नेहमीप्रमाणे हळूहळू खाली गेले. ते जायलाच हवेत, कारण पाणी शरीराला वर उचलते ते छातीच्या आसपास आणि वजन खाली खेचते ते कमरेच्या आसपास, आणि या दोन बलांच्या जोडीने शरीर फिरते. मी हे सगळे सांगत असताना एक मुलगा म्हणाला, “पण सर, काकांचे पाय नाही जात.”

“मी श्वास सोडला तरी काय होत न्हाई,” असे म्हणून काकांनी फुस्स करून छाती रिकामी केली. आणि खरोखरच, काका होते तिथेच राहिले. जेमतेम दोन बोटे खाली गेले असतील.

“सर, असं का?” नऊ मुलांनी विचारले.

याचे उत्तर भौतिकशास्त्रात अगदी स्वच्छ आहे. स्नायूची घनता पाण्याहून जास्त, सुमारे १.०६, हाडांची त्याहून बरीच जास्त, आणि चरबीची सुमारे ०.९, म्हणजे पाण्याहून कमी. ज्याच्या अंगावर चरबी भरपूर तो बुडत नाही. हे उत्तर मला येत होते, मी ते दर वर्षी वर्गात देतो, आणि ते सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या पोटाकडे बघत द्यायचे कसे, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी म्हणालो, “काकांच्या शरीराची घडण जरा वेगळी आहे.” काकांनी विचारले, “वेगळी म्हंजे?” मी म्हणालो, “म्हणजे काही घटकांचे प्रमाण...” “कुठल्या?” “हलक्या घटकांचे.” मागून एक कार्टे आनंदाने ओरडले, “सर, म्हणजे फॅट ना?”

तलावात शांतता पसरली. काका माझ्याकडे बघत राहिले. “म्हंजे मी जाड,” ते म्हणाले.

“तसे नाही, काका.”

“न्हाई न्हाई, बोला की. सायन्सच हाय नव्हं.”

या प्रसंगातून सुटण्यासाठी मी प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या भागाकडे वळलो, इतकेच माझ्या हातात होते. मी दीर्घ श्वास घेतला, तो पूर्ण सोडला, आणि डोळे मिटून, हातपाय सैल टाकून, बुडबुडे सोडत, नियमाप्रमाणे तळाकडे गेलो. प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. इतका निर्दोष प्रयोग मला २२ वर्षांत प्रयोगशाळेत साधलेला नाही. आणि त्याच क्षणी वरून काकांचा आवाज आला: “ए पोरा, बांबू आण! सर गेले!”

बांबू आला. तो बरगडीत बसला. जीवरक्षकाने मला दंडाला धरून काठावर ओढले आणि कुशीवर वळवले. त्या जीवरक्षक पोराला मी दोष देत नाही. बुडणारा माणूस हात हलवून आरडाओरडा करत नाही, तो बहुधा आवाज न करता खाली जातो, आणि मी अगदी तसाच गेलो होतो. त्याने त्याचे काम चोख केले. पण मी “प्रयोग, प्रयोग” असे म्हणत असताना तो मला “शांत पडा, काका, झालं आता” असे म्हणाला, हे मला लागले. एक तर मी ४७ वर्षांचा आहे.

नोंदवहीचे प्रकरण त्याहून वाईट. लिहिलेली नोंद खोडता येत नाही, खोडली तर वरून विचारणा होते, असे व्यवस्थापकांनी सांगितले. दुरुस्ती हवी असल्यास ‘मी बुडत नव्हतो’ असा अर्ज करावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या जोडाव्यात. माझ्याजवळ नऊ साक्षीदार होते, पण ते १८ वर्षांखालील, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान. सज्ञान साक्षीदार एकटे काका, आणि त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगून टाकले होते की, “मी सोता बगितलं, सर गेलते.” ज्या तलावाच्या भिंतीवर १७ नियम रंगवलेले आहेत आणि त्यांतला एकही पोहायचे कसे याबद्दल नाही, तेथे माझ्या बुडण्याची मात्र तारखेनिशी, वेळेनिशी नोंद आहे. या मुलांनी बलांची आकृती शेकडो वेळा वहीत काढली आहे. ते बल स्वतःच्या कमरेत जाणवण्याची जागा पाण्यासारखी दुसरी नाही, आणि तेथे ते दाखवणाऱ्याला बांबू मिळतो.

तास संपताना ती ३१ हातांची मुलगी पुन्हा पंचवीस मीटर पोहली. नजर खाली, कोपर उंच, बोटे सैल, आणि प्रत्येक हातानंतर क्षणभर सरकू देत. मी मोजले: २४. मी तोंड उघडणार, इतक्यात काका पलीकडून म्हणाले, “बोटं चिकटवलीस नव्हं? बग कशी पळालीस.” आणि ती मुलगी, जिला मी चार रविवार स्वतः शिकवले आहे, अदबीने म्हणाली, “हो काका.”

बुधवारी संध्याकाळी काका घरी आले. हातात पिशवी, पिशवीत बिंडा. गावाकडून येणाऱ्या पुतण्याकडून मुद्दाम मागवलेला, पांगाऱ्याचा, दोन्ही टोकांना खाच पाडून सुताची नवी दोरी बांधलेला. “लाजू नका, सर,” ते आमच्या सौभाग्यवतींसमोर म्हणाले, “आमी समदी ह्याच्यावरच शिकलोय.” चहा पिऊन ते गेले.

रात्री मी तो बिंडा मोजला. व्यास १३ सेंटिमीटर, लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे आकारमान सुमारे आठ लिटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन दोन किलो भरले. याचा अर्थ तो पूर्ण बुडवला तर सहा किलो वर उचलतो. माझे वजन ५८ किलो, आणि श्वास पूर्ण सोडल्यावर माझी घनता १.०३ धरली, तरी पाण्यात मला फार तर पावणेदोन किलो कमी पडतात. एक तृतीयांश बिंडा मला पुरून उरला असता. हिशेब दोनदा तपासला, बरोबर आहे. फक्त उरलेले दोन तृतीयांश काकांनी कशासाठी दिले आहेत, ते येत्या रविवारी मी त्यांना मुलांच्या देखत विचारणार आहे.